उरलेल्यांचा रकाना

मॉरिशसला उतरून पैसे बदलून घेतले की नोटांची जी चळत हातात येते, ती पाकिटात घालण्याआधी एकदा निरखून पाहावी. २५ रुपयांच्या नोटेवर चिनी वंशाचे आ-चुएन आहेत. ५० रुपयांच्या नोटेवर फ्रेंच वंशाचे मॉरिस पातुरो, १०० वर तमिळ रंगनादेन सीनीवासेन, २०० वर मुसलमान समाजाचे अब्दुल रझाक मोहम्मद, ५०० वर हिंदू सुखदेव बिसुनदयाल, १००० वर क्रिओल, म्हणजे प्रामुख्याने गुलामांच्या वंशजांच्या समाजाचे, गाएताँ दुवाल, आणि सगळ्यांत मोठ्या २००० च्या नोटेवर देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. ही सगळी माणसे सार्वजनिक आयुष्यात मोठी होती. पण सातही नोटा टेबलावर ओळीने मांडल्या की व्यक्तींपेक्षा आधी एक हिशेब डोळ्यांत भरतो. कोणी राहून जाऊ नये, कोणाला आपण गळलो असे वाटू नये, याची काळजी त्या ओळीत आहे. ही काळजी किती नाजूक आहे ते १९९८ साली दिसले. नव्या नोटांवर तमिळ आणि हिंदी अक्षरांचा क्रम बदलला, हिंदी वर गेली, तमिळ खाली आली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. दोन ओळींची अदलाबदल एवढेच कारण होते. बाहेरून आलेल्याला हा प्रकार अतिरेकी वाटेल. मला तसा तो वाटत नाही. ज्या देशात प्रत्येक समाजाची जागा ठरवून दिलेली असते, तिथे जागा एका ओळीने सरकली तरी माणसाला ती अंगावर जाणवते.

जेमतेम २,००० चौरस किलोमीटरचा हा देश, लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. डच आले आणि गेले, फ्रेंचांनी ऊस आणि गुलामगिरी रुजवली, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर आणले गेले. मूळचा रहिवासी असा इथे कोणीच नाही, सगळेच समुद्रावरून आलेले, फरक एवढाच की कोण कसा आला. आणि तरीही इथले सौहार्द खरे आहे, पर्यटन खात्याच्या रंगीत पुस्तिकेपुरते नाही, हे आधी मान्य करायला हवे. सुट्ट्यांची यादी पाहा: महाशिवरात्र, थायपूसम कावडी, चिनी वसंतोत्सव, तेलुगूंचा उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ. कॅथलिकांच्या ऑगस्टमधल्या आणि नोव्हेंबरमधल्या दोन सणांना आळीपाळीने, एका वर्षी एकाला तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला सुट्टी मिळते. सप्टेंबरमध्ये सेंत-क्रुआला पेर लावाल या फ्रेंच पाद्र्याच्या समाधीवर रात्रभर जी रांग लागते, तिच्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. राजधानी पोर्ट लुईच्या फुटपाथवर दालपुरीची गाडी लागते, तिथेही तेच. वाटाण्याच्या डाळीचे पिवळे पुरण भरून पातळ लाटलेली ही पुरी, आपल्या पुरणपोळीची गूळ न घातलेली बहीण म्हणावी अशी. ती एकटी कधी मिळत नाही, जोडीनेच मिळते. दोन पुऱ्या एकावर एक, त्यांत मोठ्या पावट्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय, वर कोथिंबिरीची हिरवी चटणी, आणि सगळे कागदात झटक्यात गुंडाळलेले. बिहारमधून आलेल्या मजुराच्या बायकोने ज्या चुलीवर ती पहिल्यांदा भाजली असेल, त्या चुलीचा मालकीहक्क आज कोणी सांगत नाही. बँकेतला गोरा, दुकानातला चिनी, गोदीतला क्रिओल, सगळे एकाच गाडीपाशी उभे असतात.

म्हणून मला पडलेला प्रश्न सौहार्द आहे की नाही हा नाही. ते कशावर उभे आहे आणि त्याच्या पायाखाली कोण आहे, हा आहे. माझे म्हणणे असे, की मॉरिशसने आपल्या समाजांची मोजणी सत्तेचे वाटे घालण्यासाठी केली, अन्याय पाहण्यासाठी केली नाही. वाटे घातल्याने शांतता मिळाली, आणि ती मोलाची होती. पण ज्याच्यापाशी स्वतःचे नाव सांगणारा कागद, भाषा, देऊळ किंवा मशीद होती, त्याच्या पदरात अधिकार पडले, आणि ज्याच्याकडून हे सगळे हिरावून घेतले गेले होते तो उरलेल्यांच्या रकान्यात गेला.

हे समजून घ्यायला शाँ द मार्सपाशी थांबावे लागते. डोंगरांच्या कुशीतले हे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान १८१२ पासूनचे आहे. १२ मार्च १९६८ रोजी इथेच ब्रिटिश झेंडा उतरला आणि चौरंगी झेंडा चढला. त्या दिवसाचे फोटो आनंदाचे आहेत, पण देश भ्यालेला होता. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला सुमारे ४४ टक्के मते पडली होती. हिंदूंचे राज्य येईल आणि आपण त्याखाली दबून जाऊ, ही भीती क्रिओल, गोरे, चिनी आणि काही प्रमाणात मुसलमान अशा सगळ्यांत होती. स्वातंत्र्याला दोन महिने असताना, जानेवारीत, पोर्ट लुईच्या वस्त्यांत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली, माणसे मेली, शेजार तुटले, लोक आपापल्या समाजाच्या मोहल्ल्यात राहायला गेले आणि ब्रिटिश फौज आणावी लागली. हा देश टिकणार नाही, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. अशा वेळी प्रत्येक समाजाला संसदेत काही ना काही आवाज मिळेल याची घटनेत हमी देणे हे शहाणपणाचेच होते. अब्दुल रझाक मोहम्मद यांनी मुसलमानांसाठी आधी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला होता. तडजोड म्हणून जी तरतूद आली तिला तिथे ‘बेस्ट लूझर’ म्हणतात, म्हणजे हरलेल्यांतला सर्वांत वरचा.

ती चालते कशी, हे थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे. संसदेत ६२ जागा लोक निवडून देतात आणि त्यावर आणखी ८ जागा निवडणूक आयोग भरतो. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात चार समाज सांगितले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोक’. प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येला त्याला मिळालेल्या जागांत एक मिळवून भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, तो समाज सर्वांत कमी प्रतिनिधित्व मिळालेला, म्हणून त्याच्या हरलेल्या उमेदवारांपैकी सर्वांत जास्त मते घेतलेल्याला जागा. पहिल्या चार जागा अशा जातात. उरलेल्या चार जागांत समाजाबरोबर पक्षांचा तोलही सांभाळायचा. त्यासाठी उमेदवाराने अर्ज भरतानाच आपला समाज कोणता हे लिहून द्यावे लागते. इथे आपल्याकडच्या आरक्षणाची आठवण होईल, पण दोन्हींत मुळातच फरक आहे. आपल्या राखीव जागा शतकानुशतके नाकारले गेले त्यांच्यासाठी आहेत. मॉरिशसची तरतूद कोणावर अन्याय झाला हे विचारत नाही. एकाच पारड्यात ती साखरेचे मळे असणारा गोरा मालक आणि त्याच मळ्यावर गुलाम असलेल्यांचा वंशज अशा दोघांना घालते. कारण ते दोघेही ‘सर्वसाधारण लोक’. परिशिष्ट सांगते की ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो हिंदू, मुसलमान किंवा चिनी वाटत नाही, तो सर्वसाधारण लोकांत धरावा. जीवनपद्धती म्हणजे काय याची व्याख्या नाही. तीन समाज ते जे आहेत त्यावरून ओळखले जातात, चौथा तो जे नाही त्यावरून.

या भागाकारातला लोकसंख्येचा आकडा कोणता, हे कळले की मन थबकते. तो १९७२ सालचा आहे. त्या जनगणनेत हिंदू सुमारे ४ लाख २८ हजार, सर्वसाधारण २ लाख ३७ हजार, मुसलमान १ लाख ३७ हजार आणि चिनी २४ हजार होते. त्यानंतर १९८२ मध्ये ‘एकच जनता, एकच राष्ट्र’ अशी घोषणा देत नवे सरकार आले आणि जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला. हेतू उदात्त होता. पण संसदेतल्या जागांचे वाटप समाजावरच चालू राहिले, आणि त्यासाठी १९७२ चा आकडा कायमचा गोठवला गेला. तेव्हा जन्मलेले मूल आज पन्नाशी ओलांडून गेले, तरी आकडा तोच. समाज न सांगितल्यामुळे ज्यांचे अर्ज बाद झाले अशा काही नागरिकांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. २०१२ मध्ये समितीने निर्णय दिला की इतका जुना आकडा वापरून माणसाला समाज सांगायला भाग पाडणे हा निवडणुकीला उभे राहण्याच्या हक्काचा भंग आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट देणारी घटनादुरुस्ती झाली आणि ती त्या निवडणुकीबरोबर संपली. या वादात सगळे लक्ष उमेदवारांच्या हक्काकडे गेले. मला त्यातली दुसरी बाजू जास्त छळते. जागा वाटण्यासाठी समाजाचा आकडा आहे, भले जुना असो. पण क्रिओल मुलांपैकी किती शाळा सोडतात, किती जमिनीचे मालक आहेत, सरकारी नोकरीत किती आहेत, तुरुंगात किती आहेत, हे सांगणारा आकडा शासनाकडे नाही, कारण तो गोळा करणे म्हणजे फूट पाडणे असे मानले जाते. जिथे मोजणे आता गैरलागू झाले तिथे मोजणी चालू आहे आणि जिथे तिच्यावाचून डोळे बांधलेले राहतात तिथे ती बंद आहे.

पोर्ट लुईच्या बंदरात काही पावलांच्या अंतरावर दोन वास्तू आहेत. त्या दोन्ही पाहिल्या की हे आपोआप उलगडते. पहिली आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. दगडी पायऱ्या, वर काळ्या दगडाच्या खोल्यांचे अवशेष. नोव्हेंबर १८३४ पासून पुढच्या जवळजवळ नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून करारावर या बेटावर आली. पायऱ्या रुंद नाहीत. बोटीतून उतरून एकामागून एकच चढता येईल अशा. वर पोचलेल्याची नोंद व्हायची: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, पुढे पुढे फोटोसुद्धा. ही नोंद मालकाच्या सोयीसाठी होती, मजूर पळाला तर पकडता यावा म्हणून. पण ती उरली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती दप्तरे जपलेली आहेत, आणि आज पणतू तिथे जाऊन आपल्या पणजोबांचे गाव शोधू शकतो. जुलमासाठी लिहिलेले कागद वंशजांच्या हाती वारशाचा पुरावा म्हणून आले. दुसरी वास्तू जुने लष्करी रुग्णालय, जिथे अलीकडे गुलामगिरीचे संग्रहालय उभे राहिले आहे. गुलामांच्याही याद्या आहेत. त्यांत मालकाने ठेवलेले नाव असते, अंदाजे वय असते, आणि मुळाच्या रकान्यात ‘मोझांबिक’ किंवा ‘मलागासी’ एवढेच. बापाचे नाव नाही, गाव नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा इंग्रज सरकारने सुमारे ६६ हजार माणसांबद्दल २० लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली, आणि ती मालकांना दिली. सुटलेल्या माणसाला एक बिघाही नाही. उलट आणखी चार वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबणे.

आता अशा दोन इतिहासांवर एकच कायदा लावून पाहा: ज्याला आपला वारसा दाखवता येईल त्याला त्या वारशाचा हक्क. धर्मसंस्थांना सरकारी अनुदान, पूर्वजांच्या भाषेला शाळेत जागा, सांस्कृतिक केंद्राला इमारत. कायदा वरवर सगळ्यांना सारखा आहे. पण ज्याचा वारसा तोडला गेला तो काय दाखवणार? प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, अरबी, चिनी शिकवल्या जात होत्या, तेव्हा देशातली बहुतेक घरे जिच्यात बोलतात ती क्रिओल भाषा शाळेत नव्हती. ऐच्छिक विषय म्हणून ती आली २०१२ मध्ये. ती बोली आहे, मोडकी फ्रेंच आहे, असे सांगून इतकी वर्षे टाळले गेले. ज्या भाषेत मूल रडते आणि हसते ती भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची आणि मग त्याच मुलाच्या नापासाचा दोष त्याच्या घराला द्यायचा, याला मी अन्यायच म्हणतो.

पोर्ट लुईहून नैऋत्येला जाणारा रस्ता कास्काव्हेलवरून तामारँ, रिव्हिएर नुआर असा समुद्राच्या कडेने ल मॉर्नच्या डोंगराकडे जातो. मराठी माणसाला या रस्त्यावर भरून येणे साहजिक आहे. मुंबई बंदरातून आलेल्या मजुरांत रत्नागिरी आणि आसपासचे कोकणी लोक पुष्कळ होते आणि त्यांच्या वस्त्या या बाजूला आहेत. भाद्रपदात इथे गणपती बसतात आणि जाखडी नाचली जाते, तीच कोकणातली जाखडी, गोल फिरत, पावलांच्या ठेक्यावर, फक्त तोंडची बोली एव्हाना क्रिओल झालेली. जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला इथले लोक ‘मराठी’ असे उत्तर देतात, जसे तमिळ ‘तमिळ’ देतात. भाषा बोलण्यातून गेली, तेव्हा तिचे नाव श्रद्धेला लावून त्यांनी ते जपले. संख्येने थोडे, हिंदूंच्या मोठ्या रकान्यात एरवी विरघळून गेले असते असे हे लोक शाळेत मराठी टिकवतात, मंडळे चालवतात. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही. पण त्या अभिमानाने एवढे तरी विचारावे: मराठीला मिळालेली ती तासिका, ते अनुदान, ती सुट्टी ज्या तत्त्वावर मिळाली, त्याच तत्त्वाने आपल्या शेजारच्या मच्छीमार वस्तीला काय दिले? रिव्हिएर नुआरच्या किनाऱ्यावर मराठी आणि क्रिओल वस्त्या जवळजवळच आहेत. एका वस्तीला पूर्वजांची भाषा आहे. दुसरीच्या पूर्वजांच्या भाषा जहाजाच्या तळातच मेल्या.

हे मनातले दुखणे उगाच उकरले जाते आहे असे कोणाला वाटत असेल, तर फेब्रुवारी १९९९ आठवावा. काया या नावाने गाणारा जोझेफ रेजिनाल्ड तोपीझ, सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातून ‘सेगे’ घडवणारा क्रिओल गायक, गांजाच्या आरोपावरून पकडला गेला आणि २१ फेब्रुवारीला पोलीस कोठडीत मेला. पुढचे काही दिवस बेट पेटले. ‘क्रिओलांची अस्वस्थता’ हा शब्दप्रयोग त्याआधी सहा वर्षे एका क्रिओल पाद्र्याने वापरला होता. त्या आठवड्यात तो सगळ्यांना कळला. कागदावर चारही समाजांचा तोल साधलेल्या देशात एक समाज आपल्याला कोणी मोजतच नाही असे म्हणत रस्त्यावर होता. दहा वर्षांनी सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला. गुलामगिरी आणि करारी मजुरी या दोन्हींच्या परिणामांची चौकशी त्याने एकत्र केली आणि अॅलेक्स बोरेन यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये अहवाल दिला. क्रिओलांची हिसकावली गेलेली जमीन, शिक्षणातली गळती, वंशभेदाचा रोजचा जाच हे सगळे सरकारी शिक्क्यासह लिहिले गेले. अंमलबजावणी त्या मानाने फार थोडी झाली. चागोस बेटांवरून १९६८ ते १९७३ दरम्यान इंग्रजांनी अमेरिकी तळासाठी हुसकावलेले लोकही याच पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडले होते. तेही बहुतेक गुलामांचेच वंशज, तेही त्याच रकान्यात.

ही समाजवार वाटणी बदलावी असे म्हटले की पहिला आक्षेप मुसलमान आणि चिनी समाजांतून येतो, आणि तो खरा आहे. हिंदू जवळजवळ निम्मे आहेत. आजवरच्या पंतप्रधानांत २००३ ते २००५ या काळातले पॉल बेराँझे सोडले तर सगळे हिंदू होते. ही हमी काढून घेतली तर आमचे काय, असे अल्पसंख्याकाने विचारले तर त्याला ‘विश्वास ठेवा’ असे उत्तर देणे ही बहुसंख्याकाची अरेरावी होईल. म्हणून माझा आग्रह हमी काढण्याचा नाही, तिचे रूप बदलण्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती आल्बी साक्स यांच्या आयोगाने २००२ मध्येच सुचवले होते की ६२ जागांवर आणखी ३० जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भराव्यात. विखुरलेल्या अल्पसंख्याकांची मते अशा पद्धतीत वाया जात नाहीत, आणि पक्षांनाही यादीत सगळ्या समाजांची माणसे घ्यावी लागतात, नाहीतर मते जातात. कोणालाही अर्जावर आपला वंश लिहावा लागत नाही. यातून सगळी भीती जाईल असे मी म्हणत नाही. पण संसदेत आपला माणूस असणे आणि आपल्या वस्तीतली शाळा सुधारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. क्रिओल समाजाकडे पहिली १९६८ पासून आहे.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा. मग समाज मोजूच नका, नावेही पुसून टाका, सगळे फक्त मॉरिशियन. तरुणांत हे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या मनाचा मोकळेपणा मला आवडतो. पण इथल्या फुटबॉलने हा प्रयोग करून दाखवला आहे. पूर्वी क्लब समाजांचे होते, हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स अशा नावांचे. १९८० च्या दशकात नावांतून धर्म काढला, संघ आणि प्रेक्षक तेच राहिले. २३ मे १९९९ रोजी, कायाच्या मृत्यूला तीन महिने झालेले असताना, स्काउट्स आणि फायर ब्रिगेड या क्लबांच्या सामन्यानंतर जमावाने पोर्ट लुईतल्या लामिकाल या जुगारघराला आग लावली आणि आत सात माणसे जळून मेली. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा थांबवल्या आणि पुढे संघ गावा-विभागांच्या नावाने नव्याने बांधले. हिंसा थांबली हे नि:संशय चांगले झाले. पण स्टेडियमही ओस पडली, कारण ज्या ओढीने माणसे येत होती तिच्या जागी दुसरी काही घडवलीच गेली नाही. नाव पुसल्याने नाते तयार होत नाही. आणि समाजाचे नाव पुसले गेले की सर्वांत आधी अदृश्य होतो तो ज्याच्यावर अन्याय झाला तो. २०१२ पासून समान संधी आयोग आहे, एकट्या माणसाने भेदभावाची तक्रार घेऊन जावे अशी सोय आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा भेदभाव एका तक्रारीत सिद्ध होत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून मी मोजणीच्या बाजूचा आहे. मोजावे, पण माणसाने स्वतः सांगितलेले धरावे, एकाहून अधिक मुळे सांगायची मुभा असावी, आणि त्या आकड्याने खुर्च्या न वाटता शाळा, जमीन, नोकऱ्या आणि तुरुंग यांकडे पाहावे.

तिसरा आक्षेप सर्वांत सौम्य आणि म्हणून सर्वांत अवघड: पन्नासहून अधिक वर्षे चालले आहे, आजूबाजूला इतके देश जळाले, हा नाही जळला, मग हात कशाला लावता? या युक्तिवादाला मी मान देतो. शांतता ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, विशेषतः ती नसलेल्या ठिकाणी जन्मलेल्यांना ते कळते. पण १९६८ ची तडजोड ज्यांनी केली त्यांनी ती टप्पा म्हणून केली होती. अस्थी जुळेपर्यंत प्लास्टर लागते. नंतरही ते काढले नाही तर खाली स्नायू सुकतो. आणि ‘चालले आहे’ हे वाक्य नेहमी ज्याचे चालले आहे तो बोलतो.

रस्ता ल मॉर्नपाशी येतो तेव्हा डोंगर अचानक समोर उभा राहतो, ५५६ मीटरचा, समुद्रात घुसलेला काळा कडा. २००८ पासून तोही जागतिक वारसा. पळालेले गुलाम याच्या माथ्यावर राहत. लोककथा सांगते की १८३५ मध्ये सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडायलाच आले असे समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. पायथ्याशी स्मारक आहे, आणि १ फेब्रुवारीला तिथे माणसे जमतात. भारतीय पाहुणे बहुतेक दोन नोव्हेंबरच्या, म्हणजे मजुरांच्या आगमनदिनाच्या, बाजूचे असतात, घाटाच्या बाजूचे, आणि हा डोंगर त्यांना फोटोची जागा वाटतो. पण फ्रेंच काळात या बेटावर आणलेल्या गुलामांत आफ्रिका आणि मादागास्करबरोबर बंगालच्या आणि मलबारच्या किनाऱ्यावरून आणलेली माणसेही होती. पुढे इंग्रजांनी मुंबई इलाख्यातून जन्मठेपेचे कैदी पाठवले आणि त्यांच्याकडून इथले रस्ते बांधून घेतले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन इथे आला तेव्हा त्याने ते काम करताना पाहिले. त्या गुलामांची नावे मालकांनी बदलली, ती माणसे ख्रिस्ती झाली, क्रिओल झाली. त्यांचे वंशज आज कोणत्याही दप्तरात आपले गाव शोधू शकत नाहीत. घटनेच्या परिशिष्टात ते सर्वसाधारण लोक आहेत.